बजाक्काने मागितलेलं ऑपरेशन

कामगार विम्याच्या दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा मोठा लाल त्रिकोण काढलेला होता. त्याच्या शेजारी आई, बाप आणि दोन मुलं, चौघंही हसणारी. आमच्या मिलच्या बायका त्या भिंतीच्या सावलीत रांगेत उभ्या राहायच्या. त्याच भिंतीच्या आत बजाक्काने ऑपरेशन मागितलं आणि तिला ते मिळालं नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. म्हणतात, आणीबाणीत तर माणसं धरून धरून नेत होते, आणि तुम्ही म्हणता मागूनसुद्धा मिळालं नाही? होय, तेच म्हणते मी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आल्या.

मी गौरम्मा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी, शाळा सातवीपर्यंत. लग्न करून सोलापुरात आले आणि वर्षाच्या आत मिलच्या रिळिंग खात्यात लागले. कांड्यांवरचं सूत मोठ्या चाकावर गुंडाळून त्याच्या लडी करायच्या, हे रिळिंगचं काम. ते बायकांचंच. पाळी सुरू झाल्याच्या भोंग्यापासून सुटल्याच्या भोंग्यापर्यंत उभं राहायचं, धागा तुटला की चाक थांबवून गाठ मारायची. कापसाची कुस केसांत, नाकात, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. माझ्या शेजारच्या चाकावर बजाबाई होती. मला ती थोरल्या बहिणीसारखी, म्हणून मी तिला बजाक्का म्हणायला लागले. मग सगळं खातंच म्हणायला लागलं.

ती माढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कमी. नवरा जोतीराम मार्केट यार्डात हमाली करायचा. तीन मुली होत्या. तिसरीच्या बाळंतपणात तिच्या अंगावरून इतकं गेलं, की मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. तिथल्या बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी जोतीरामला बाहेर बोलावून सांगितलं, की हिची पिशवी सैल पडली आहे, अंगात रक्त नाही, पुन्हा दिवस राहिले तर ही हाताला लागणार नाही. ऑपरेशन लगेच करता येईना, कारण हिला ताप होता. तीन-चार महिन्यांनी करून घ्या म्हणाल्या. हिचा मिलचा विमा आहे ना, मग विम्यातूनच होईल.

विम्यातून होईल, हे ऐकून बजाक्का निश्चिंत झाली. का होऊ नये? तिच्या प्रत्येक पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते. माझ्याही. ते कापताना आम्हाला कुणी विचारत नव्हतं, की बाई, तुला मुलगा आहे का.

हा प्रश्न विचारला तो दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. १९७३ सालची गोष्ट. मी बजाक्काबरोबर गेले होते, कारण कागद वाचायला ती मला घेऊन जायची. डॉक्टर पन्नाशीचे, पांढरा शर्ट, टेबलावर पंखा. बजाक्का उभी राहूनच बोलली, कारण समोरच्या स्टुलावर बसा असं कुणी म्हटलं नाही. तिसऱ्या बाळंतपणात काय झालं ते तिने सांगितलं आणि म्हणाली, मला मुलं बंद व्हायचं ऑपरेशन करायचं हाय.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "मुलं किती?"

"तीन पोरी."

"मुलगा?"

"न्हाय."

"मग कशाला घाई करतेस? मुलगा होऊ दे. उद्या रडत येशील, ऑपरेशन उलटं करा म्हणून. मग आम्ही काय करायचं?"

बजाक्काने पुन्हा सांगितलं, की मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी पुढचं बाळंतपण धोक्याचं म्हटलंय. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या बाईला आत घेतलं. सगळं मिळून भाकरीचा तुकडा चावून गिळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नवऱ्याला घिऊन येते. बाईचं ऐकत न्हाईत."

जोतीराम आला. अर्ध्या दिवसाची हमाली सोडून, डोक्याचं मुंडासं हातात धरून डॉक्टरांसमोर उभा राहिला. तो साधा माणूस होता, पण त्या दिवशी नीट बोलला. "साहेब, मला पोरगा नको. मला ही पायजे. तीन पोरींना आई पायजे." हे ऐकल्यावर तरी काम व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी त्याची सही, म्हणजे अंगठा, एका कागदावर घेतला आणि मग सांगितलं, की ऑपरेशन या दवाखान्यात होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा. बजाक्काने विचारलं, मग घरी पडून राहायची रजा? खात्यात आठ-दहा दिवस खाडा झाला की कायम कामगाराची बदली कामगार व्हायला वेळ लागत नसे, म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं आणि कुणी आलं नाही तर काम मिळायचं. विम्यातून आजारपणाची रजा मिळायची, पण त्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागायचं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन तू हौसेने करून घेणार. हा काही आजार नाही. सर्टिफिकेट कशाचं देऊ?"

हौसेने. हा शब्द मी अजून विसरलेले नाही.

मोठ्या दवाखान्यात गेलो. खिडकीत बसलेल्या माणसाने विम्याचं कार्ड बघितलं आणि परत ढकललं. विम्याच्या लोकांनी आपल्या दवाखान्यातून चिठ्ठी आणायची, चिठ्ठीशिवाय नंबर लागणार नाही. आम्ही परत विम्याच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी आजारी माणसाला देतात. मग आम्ही पुन्हा खिडकीत. आता त्या माणसाने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कार्ड नसलेल्या बायका तिथे ऑपरेशन करून घेत होत्या. मीच म्हटलं, अक्का, तू कार्ड नाही असं सांग, दुसऱ्या नावाने जा. ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू? माझं कापून घेतलंय त्यांनी. मी मागायला आले न्हाय, माझं हाय ते न्यायला आलेय."

मग तिने तांबीची, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून आत बसवतात तिची, चौकशी केली. अंगात रक्त कमी, तुला तांबी चालायची नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे ऑपरेशन करण्याइतकी ती आजारी नव्हती, आणि तांबी बसवण्याइतकी धडधाकटही नव्हती. विम्याच्या दवाखान्यात एकच माणूस माणसासारखं वागलं, त्या दाक्षायणी सिस्टर. त्या रांगेतून जाताना बजाक्काच्या हातातल्या पिशवीत निरोधची पाकिटं टाकायच्या. नवऱ्याला सांग म्हणायच्या. जोतीराम वापरायचा, कधी विसरायचा, कधी पाकिटं संपायची आणि मागायला जायची लाज वाटायची.

जोतीरामवरही माझा राग होता, ते लपवत नाही. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, त्याला विमा लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. बजाक्काने त्याला दोनदा विचारलं. यार्डातल्या हमालांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की नस कापली की पाठीत जोर राहत नाही, पोतं उचलवत नाही. तो तयार झाला नाही. तिनेही तिसऱ्यांदा विचारलं नाही. पोत्यावरच तर घर चालत होतं, तिच्या चाकाइतकंच.

पंचाहत्तर सालच्या संक्रांतीनंतर तिला दिवस राहिले.

मला तिने चाकाजवळ सांगितलं, धागा जोडता जोडता, मान खाली घालून. दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. दाक्षायणी सिस्टरांनी तिला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं, की आता कायदा झालाय, बाईच्या जिवाला धोका असेल तर पोट सरकारी दवाखान्यात मोकळं करून मिळतं, तू डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. बजाक्काने तसं सांगितलं. डॉक्टर चिडले. कायदा तू मला शिकवू नकोस म्हणाले. मग म्हणाले, आधी रक्त तपासून आण. रक्त तपासलं. लघवी तपासून आण. ती तपासली. हृदयाचं बघून घे. हृदयाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, आणि त्या आठवड्यात आलेच नाहीत. प्रत्येक वेळी अर्धी पाळी बुडायची. नायकीण सोनाबाई, म्हणजे आमच्या खात्यावर देखरेख करणारी, ती तोंडाने बडबडायची पण हजेरी सांभाळून घ्यायची. असं करता करता शिमगा गेला, पाडवा गेला. शेवटी चिठ्ठी मिळाली, ती घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो, तर तिथल्या नवीन डॉक्टरांनी पोट तपासून सांगितलं, आता फार दिवस झाले, आता मोकळं करणं जास्त धोक्याचं. आधी का आला नाहीत?

मी बोलायला लागले, तर बजाक्काने माझा हात दाबला. बाहेर येऊन पायरीवर बसली. मग सात रस्त्याच्या चौकापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे टांगेवाले, सायकली, नुसता गलका. त्या गलक्यात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "गौरा, मी मेले तर पोरींना गावाकडं धाडू नगं म्हणावं. शाळा सुटंल त्यांची."

सातव्या महिन्यात, ऐन पहिल्या पाळीत, ती चाकाजवळच खाली बसली. पातळ भिजत गेलं. लडीवर, फरशीवर. खात्यातली सगळी चाकं थांबली. आम्ही तिला सतरंजीत घालून टांग्यात घातलं. टांगेवाला मकदूम ओळखीचा होता. त्याने रस्ताभर घोडा असा पळवला की टांगा उलटतो की काय अशी भीती वाटली. मोठ्या दवाखान्यात या वेळी चिठ्ठी कुणी मागितली नाही. मूल मेलेलंच निघालं. रक्त थांबेना, म्हणून पिशवी काढून टाकावी लागली. ती वाचली, ते त्या आधीच्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी ड्युटीवर होत्या म्हणून.

मुलगा होता. तिथल्या आयाने मला सांगितलं, हळहळत. आयाचा काय दोष? पण मला विम्याच्या दवाखान्यातलं ते टेबल आठवलं, तो पंखा आठवला, आणि मुलगा होऊ दे हे शब्द. मी भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले.

त्यानंतर तिला विम्यातून बाळंतपणाची रजा मिळाली. पूर्ण मिळाली, पगारासकट, काही खळखळ न करता. मूल नाही, पिशवी नाही, पण रजा नियमात बसली. दोन-अडीच वर्षं तिला जगवायचा एक साधा उपाय नियमात बसत नव्हता. सुटी संपवून ती कामावर आली तेव्हा तिचे केस पुढून पांढरे झाले होते. उभं राहून तिचे पाय सुजायचे. सोनाबाईंनी तिला कडेचं चाक दिलं, तिथे भिंतीला टेकता यायचं.

तोवर आणीबाणी लागली होती. पहिल्या वर्षी आम्हाला फारसं काही जाणवलं नाही. शहात्तरच्या पावसाळ्यात मात्र मिलच्या दारात नोटीस लागली. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या कामगाराने नसबंदीचं सर्टिफिकेट आणून दाखवायचं. नाहीतर दारातून आत नाही. मी ती नोटीस दोनदा वाचली आणि मग मोठ्याने वाचून दाखवली, कारण मागे बायका ताटकळत होत्या. काही रडायला लागल्या. बजाक्का रडली नाही. ती म्हणाली, माझं तर सगळंच काढलंय, मला काय भ्या.

पण तसं नव्हतं. लेबर ऑफिसरने तिचा मोठ्या दवाखान्यातला कागद बघितला. त्यावर गर्भाशय काढलं असं लिहिलं होतं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन असं लिहिलं नव्हतं. हा आकड्यात धरला जाणार नाही, असं तो म्हणाला. वरून मिलला आकडा ठरवून दिला होता, तो भरायचा होता. बजाक्काने विचारलं, मग मी आता काय काढून देऊ? तो म्हणाला, नवऱ्याला आण.

नवऱ्याला कशासाठी आणायचं? तिला आता मूल होणारच नव्हतं. मार्केट यार्डात तेव्हा नसबंदीसाठी माणसं उचलणाऱ्या गाड्या यायला लागल्या होत्या. हमालांना पोत्यांसकट सोडून पळावं लागायचं. जोतीराम टेंभुर्णीला मावसभावाकडे जाऊन लपला. बजाक्काला दारावर अडवलं. रखवालदार रोज तिला ओळखूनसुद्धा अडवायचा, आणि ती रोज येऊन उभी राहायची, आमची पाळी आत जाईपर्यंत. मग घरी जाऊन विड्या वळायची. शेजारच्या तेलुगू बायकांनी तिला पानं कापायला, तंबाखू भरायला शिकवलं. थोरलीची शाळा तिने सुटू दिली नाही.

मिलच्या कँटीनमध्ये शिबिर भरलं, त्या दिवसाचं आता सांगते. कँटीनला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. लाऊडस्पीकर लावला होता. दारात टेबल, टेबलामागे विम्याच्या दवाखान्यातले तेच डॉक्टर, तोच पांढरा शर्ट. शेजारी दाक्षायणी सिस्टर, मान खाली. आत कनातीमागे ऑपरेशन चालू होतं. रांगेत मागवाले, रंगखात्यातले लोक, झाडूवाले. विणाई खात्यातला मौला रांगेत होता. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, एक लहान मुलगी. त्याने जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, तसं सांगितलं होतं. जॉबर म्हणाला, कागदावर आम्ही तीन लिहू. तो पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बजाक्काला दारातून कोणी आत सोडत नव्हतं, पण त्या दिवशी रखवालदाराने सोडलं. त्याला वाटलं, ऑपरेशनला आली. ती सरळ टेबलापाशी गेली. रांग तिला बघून थोडी बाजूला झाली. डॉक्टरांनी वर बघितलं. आता ते अरे-तुरे करत नव्हते. आता आकडा हवा होता.

"या बाई, बसा," ते म्हणाले आणि खुर्ची दाखवली.

ती बसली नाही. तिने आवाजही चढवला नाही, पण लाऊडस्पीकर नेमका त्या वेळी बंद पडला होता, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, मला वळखलं का? मी तुमच्याकडं ऑपरेशन मागायला आले हुते. एकदा न्हाय, लई येळा आले. तुमी म्हणला पोरगा होऊ दे. नवऱ्याला आणलं, तर म्हणला हा आजार न्हाय. पोटात मूल ऱ्हायलं, तर तुमी दिवस घालवले. तवा माझ्यासाठी ह्या कँटीनमंदी तोरण का न्हाय बांदलं?"

डॉक्टर म्हणाले, बाई, जुन्या गोष्टी काढू नका, काम चालू आहे. लेबर ऑफिसर पुढे आला.

ती त्याच्याकडे वळली नाही. डॉक्टरांनाच म्हणाली, "मला पायजे हुतं तवा दिलं न्हाय. आता ह्या पोराला नगं हाय," आणि तिने मौलाकडे बोट केलं, "तर त्याला धरून आणलंय. तुमचा विमा कुणासाठी हाय, एवढं मला सांगा. मी जाते मग."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. तेव्हा दाक्षायणी सिस्टर उठल्या. त्या म्हणाल्या, "बाई खरं सांगते आहे. प्रत्येक वेळी मी तिथे होते."

एवढंच. लेबर ऑफिसरने रखवालदाराला हाक मारली, बजाक्काला दंडाला धरून बाहेर काढलं. पोलिसांत देऊ अशी धमकी दिली, ती तेव्हा पोकळ नव्हती. पण त्या गडबडीत रांग मोडली. पाच-सहा माणसं कँटीनच्या मागच्या मोरीच्या बाजूने निघून गेली, त्यांत मौला होता. बाकीच्यांना जॉबरांनी परत रांगेत लावलं. मोठा विजय वगैरे काही झाला नाही. शिबिर संध्याकाळपर्यंत चाललं आणि ठरलेला आकडा कसाबसा भरला, असं नंतर समजलं. दाक्षायणी सिस्टरांची महिन्याभरात बदली झाली, कुठे ते आम्हाला कळलंच नाही. त्यांना निरोप द्यायचा राहून गेला, याचं बजाक्काला फार वाटायचं.

दिवाळीच्या सुमाराला जोतीराम टेंभुर्णीहून परत आला. विड्यांवर चार जणांचं भागत नाही, हे त्याने घरात पाऊल टाकताच बघितलं. त्या दिवशी मी तिथेच होते, तंबाखूची पाटी उचलायला मदत करत. तो म्हणाला, मी जातो, करून घेतो, तुला कामावर घेतील. बजाक्काने हातातली विडी खाली ठेवली.

"मी मागत हुते तवा तू भ्याला," ती म्हणाली. "भ्याला तर भ्याला, मी कायबी म्हणले न्हाय. पर आता माझ्यात काय ऱ्हायलं न्हाय, आन त्येंच्या आकड्यासाठी तू जायचं? मी विड्या वळीन."

तो रडला. मोठा गडी, यार्डात दोन पोती एकदम उचलणारा. ती उठली, त्याला पाणी दिलं आणि परत पानं कापायला बसली. त्याच्याशी ती पुढे कधी त्या गोष्टीवरून बोलली नाही, पण माफ केलं असंही मला कधी वाटलं नाही.

सत्याहत्तरच्या निवडणुकीनंतर नोटीस आपोआप दारावरून गेली. कुणी काढली, कधी काढली, कळलं नाही. बजाक्काला परत कामावर घेतलं. मधल्या महिन्यांचा पगार नाही, चूक झाली असा एक शब्द नाही. डॉक्टर निवृत्त झाले, मिलने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. त्या दिवशी आमच्या खात्यातून कुणीही गेलं नाही. सोनाबाईसुद्धा गेल्या नाहीत, आणि त्या असल्या समारंभात पेढ्यांसाठी हमखास जायच्या.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. आणीबाणीनंतर लोकांच्या मनात इतकी भीती बसली होती, की ज्या बायकांना खरोखर ऑपरेशन हवं होतं, त्यांनासुद्धा ते तोंडाने म्हणता येईना. दवाखान्यात नवीन आलेले लोकही तो विषय काढायला घाबरायचे. भिंतीवरचा त्रिकोण चुन्याने पुसून टाकला होता. नियमाने मात्र आता विम्यात त्या ऑपरेशनला जादा पैशाची रजा मिळायला लागली होती. ही सोय आणीबाणीतच आली होती. म्हणजे जेव्हा ती नव्हती तेव्हा बायका मागत होत्या, आणि जेव्हा ती आली तेव्हा मागायची कुणाची छाती होईना.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाइंडिंग खात्यातली अजीजा बजाक्काकडे आली. चार मुलं, पाचवं नुकतंच पडलेलं. नवरा बिगारी कामाला, कबूल होता. पण मोहल्ल्यात नसबंदीचं नाव काढलं तरी लोक अंगावर यायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना रस्त्यावरून उचललेलं होतं. अजीजाला भीती वाटत होती ती दोन्हीकडची, मोहल्ल्याची आणि दवाखान्याचीही.

बजाक्का तिला घेऊन दवाखान्यात गेली. मीही गेले. नवीन डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि सवयीने विचारलं, मुलगे किती?

"ते कशाला लागतंय?" बजाक्का म्हणाली. "तिला पायजे हाय. नवऱ्याचा अंगठा हितं हाय. विम्याचं कार्ड हे. रजेचा नवा नियम तुमच्याकडं हाय, ते मला म्हाईत हाय."

डॉक्टर जरा गोंधळले. मोठ्या दवाखान्यात पाठवतो, पण तिथे नंबर लागायला वेळ लागेल, असं म्हणाले. बजाक्काने विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, सांगता येत नाही. मग ती त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली. कुणी बसा म्हटलं नव्हतं. म्हणाली, तुमी फोन करून इचारा, आमी हितंच हाय. मागे रांग वाढत गेली. रांगेतल्या बायकांनी कुरकुर केली नाही. अर्ध्याएक तासाने डॉक्टरांनी फोन उचलला.

अजीजाचं ऑपरेशन झालं. रजा पगारासकट मिळाली. बजाक्काने तिच्या उशाशी दुपारभर बसून तिला पेज पाजली, आणि भोंगा व्हायच्या आत दुसऱ्या पाळीला गेली.

त्यानंतर दवाखान्यातले लोक तिला भांडखोर बाई म्हणायला लागले. युनियनवाल्यांनी तिला कमिटीत ये म्हटलं, ती गेली नाही. ज्या बाईला पाहिजे होतं, तिच्याबरोबर ती जायची. आणि एकदा एका नव्या सुनेला तिची सासू जबरदस्तीने तांबी बसवायला घेऊन आली होती, तेव्हा त्या सुनेला तिने रांगेतून हाताला धरून बाहेर काढलं आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या. तिला कुणी विचारलं की हे कशाला करतेस, तर ती म्हणायची, पाय सुजलेत, बसायला स्टूल मिळतंय म्हणून जाते.

तिच्या थोरलीने पुढे नर्सिंगला नाव घातलं. बजाक्का तेव्हाही कडेच्या चाकावर उभी होती, भिंतीला पाठ टेकवून, आणि तिच्या पगारातून विमा कापला जात होता.